वाचायचं अंतर

जहाजावरची शेवटची संध्याकाळ. दिवाणखान्यात पडद्यावर प्रवासात काढलेली चित्रं दाखवायला सुरुवात व्हायच्या जरा आधी तिने धाकट्या भावाला फोन लावला आणि सांगून टाकलं, "ती खोली सोडून दे."

"ताई, नीट ऐकू येत नाहीये. काय सोडू?"

"खोली रे! आईची. त्यांना कळव, आम्हाला नकोय म्हणून."

फोन खरखरला. बेटं मागे पडली होती, किनारा जवळ येत होता, त्यामुळे इतके दिवस मुका पडलेल्या फोनमध्ये जरा जीव आला होता. धाकट्याने 'वृद्धाश्रम' हा शब्द कधी तोंडातून काढला नव्हता. 'ती जागा' म्हणायचा, जणू नुसती भाड्याने बघून ठेवली होती.

"ताई, त्या जागेसाठी लोक ताटकळत बसलेत. एकदा सोडली की गेली. आणि आपलं ठरलं होतं ना?"

ठरलं होतं खरं. आई छापखान्यात जायचं म्हणून चपला घालून रस्त्यावर निघाली, तो छापखाना बंद पडून जमाना झाला होता, आणि ती सापडेपर्यंत दोघांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्या दिवशी बहीणभावांनी ठरवलं, की आई आपल्याला ओळखतेय तोवर तिला हलवायचं नाही. अनोळखी माणसांत टाकायचं नाही. ज्या दिवशी आपणच अनोळखी होऊ, त्या दिवशी मात्र रडत बसायचं नाही.

"ठरलं होतं म्हणूनच सांगतेय. अरे, ती ओळखते मला! मुंगी म्हणते. ऊठसूट म्हणते. मुंगे, शाल दे. मुंगे, तो सील बघ कसा पसरलाय, तुझ्या बापासारखा."

 धाकटा अगदी लहान आवाजात म्हणाला, "खरंच म्हणते?"

"तुझ्या गळ्याची शपथ."

"मला ओळखेल?"

"आल्यावर बघ की."

"बरं. पण मी आत्ता नाही कळवत. सकाळी बंदराला लागलात की फोन कर. मग सोडतो."

"भित्रा तो भित्राच राहिलास," ती म्हणाली आणि हसत हसत आईला घ्यायला गेली.

*

दिवाणखान्याच्या दारात घेतलेलं सगळं परत करायचं होतं. लाइफ जॅकेटं एका बाजूला, रबरी बूट दुसऱ्या बाजूला. आणि वेताच्या टोपलीत बिल्ले. प्रत्येकाच्या छातीवर हाताएवढी पांढरी पट्टी असायची, तिच्यावर मार्करने नाव लिहिलेलं. ती लावल्याशिवाय जेवणाच्या टेबलावरही बसू देत नसत. स्वागतकक्षातल्या बाईने आईचा बिल्ला हलकेच काढला, मग तिचा काढला.

"पुसून पुढच्या फेरीला वापरतो," ती म्हणाली. "तुमचे पुसताना मात्र जिवावर येणार आहे."

आत गेल्यावर आई कडेच्या खुर्चीवर बसली. मुलगी शेजारी बसू लागली, तशी आईने पदर आवरून घेतला आणि म्हणाली, "बसा ना, बसा. इथे कुणी नाही."

आईचे टोमणे तिला पाठ होते. "बसते हं, आईसाहेब," ती म्हणाली. दिवे मालवले गेले.

*

चित्र : जहाजाच्या शिडीपाशी सगळे प्रवासी. कुणाला कुठे बघावं कळत नाहीये.

तो पहिला दिवस. स्वागतकक्षातल्या बाईने मार्कर उचलून विचारलं होतं, "काय हाक मारायची तुम्हाला? तेच लिहू."

आई समोरच्या पाट्या वाचण्यात दंग होती. "'उतरताना कठडा घट्ट धरा.' बरोबर आहे," ती म्हणाली. हयात मुद्रितं तपासण्यात गेलेली बाई. दुसरं काही राहो न राहो, डोळ्यांसमोर अक्षर आलं की ती ते वाचणारच. प्राण्यांच्या मोठ्या कोशाची पानंच्या पानं तिने तपासली होती. ज्यांच्या नावांतल्या वेलांट्या सुधारल्या ते प्राणी एकदा डोळ्यांनी बघायचेत, हे ती इतक्या वेळा बोलली होती, की आता ती बोलायची विसरली तेव्हा मुलीनेच तिकिटं काढली.

"हिला आई म्हणा," मुलगी म्हणाली. आणि मग नुसत्या हट्टाने, कारण घरी कित्येक महिन्यांत ती हाक तिच्या कानावर पडली नव्हती, "आणि मी मुंगी."

बाईने वर बघितलं. मुंगी दारातून जरा तिरकी होऊनच आत आली होती.

"मुंगी?"

"लिहा हो. लहानपणी होते."

मागे रांगेत निवृत्त न्यायाधीश उभे होते. "ही मुंगी असेल, तर इकडचे हत्ती बघायलाच हवेत," ते म्हणाले. सगळे हसले. तीही हसली. आई हसली नाही. ती मान वर करून बिल्ला वाचत होती.

*

चित्र : न्याहारीचं टेबल. खिडकीत नुसतं धुकं.

दुसऱ्या सकाळी आई तिच्याकडे वळली आणि म्हणाली, "मुंगे, साखर दे गं."

बस, एवढंच. पण मुलीने साखर दिली, मग दूध दिलं, मग मीठ दिलं, आणि नॅपकीन तोंडाला लावून खिडकीकडे वळली. धुक्यात बघण्यासारखं काही नव्हतं तरी बराच वेळ बघत राहिली. समुद्राची हवा. डॉक्टरांना नाही जमलं ते खाऱ्या वाऱ्याने केलं.

पडद्यावर आता त्या टेबलावरची आई होती. जहाजावरच्या छायाचित्रकाराला हा चेहरा भारी आवडलेला. पेंग्विन कमी आणि म्हातारी जास्त, असं त्याला सगळे चिडवायचे. चित्रात आई मुलीकडे वळलेली, हनुवटी वर, पापण्या अर्ध्या झुकलेल्या. कशी राणीसारखी दिसतेय, मुलीला वाटलं. अंधारात कुणीतरी टाळी वाजवली. "आमची आई!" सगळं जहाज तिला आईच म्हणत होतं.

*

चित्र : काळ्या वाळूवर सील. एकावर एक, गाद्या टाकल्यासारखे.

बेटावर उतरण्याआधी बुटांचे तळवे ब्रशने घासायचे. एका बेटाची माती दुसऱ्या बेटावर न्यायची नाही, बी नाही, काडी नाही. पक्ष्यांची माहिती देणारा जो वाटाड्या होता, त्याला सगळे पक्षीवाला म्हणत. तो डोळ्यांत तेल घालून पाहायचा. आईचे बूट मुलगी घासायची. गुडघे टेकून, एकेक खाच. आई वरून म्हणायची, "मुंगे, डावा राहिला."

चित्रात तेच. ती खाली वाकलेली, बूट हातात. तिचा बिल्ला जॅकेटावरून लोंबतोय. आई तिच्याकडे बघतेय.

चित्र जरा वेळ थांबलं होतं. तिने पुन्हा बघितलं.

तिचं चष्म्याचं दुकान होतं. उभी हयात तिथे गेलेली. गिऱ्हाईक दारातून आत आलं की ते कुठून बघतंय, कुठे बघतंय, काचेच्या कोणत्या भागातून बघतंय, हे न विचारता तिला कळायचं. प्रवासाला निघण्याआधी आईचा नवा चष्मा तिने स्वतः बसवला होता. वरचा भाग लांबच्या पक्ष्यांसाठी, खालची अर्धचंद्राची काच वाचायला. तीनतीनदा बजावलं होतं, जसं प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावते तसंच. लांबचं वरून बघायचं, जवळचं खालून. वाचताना हनुवटी वर.

*हनुवटी वर.*

*

चित्र : डेकवर वारा. आईच्या तोंडात केस.

हनुवटी वर, नजर खाली.

चित्र : रबरी होडी. मुलगी आईच्या गळ्याशी बंद बांधतेय.

हनुवटी वर. बुबुळं खालच्या काचेत. पडदा भिंतभर मोठा होता. अर्धचंद्राची कडासुद्धा दिसत होती. नजर चेहऱ्यावर नव्हती. वीतभर खाली होती, डाव्या बाजूला, पांढऱ्या पट्टीवर.

चित्र : चहा.

हनुवटी वर.

चित्र : दोघी हसताहेत.

वर.

कसली राणी आणि कसलं काय. म्हातारी वाचत होती. दुकानात कामाला असलेल्या एखाद्या पोरीने हे ओळखलं नसतं, तर तिने तिला काउंटरवरून उठवलं असतं.

*

चित्र : अल्बट्रॉस. मातीच्या घरट्यापाशी. शेजारी खाली पडलेलं पिल्लू.

हे सगळ्यांना आठवत होतं. शेवटच्या बेटावर वादळानं एक पिल्लू घरट्यातून खाली फेकलं होतं. लांब नाही, हात लांबवला तर उचलता येईल इतकं जवळ. राखाडी कापसाचा गोळा. मोठा पक्षी समुद्रावरून आला, उतरला, रिकाम्या घरट्यात चोच घालून बघितलं आणि तिथेच बसून राहिला. पिल्लू चोच उघडून त्याच्याकडे मान लांब करत होतं. पक्षी त्याच्या डोक्यावरून पलीकडे बघत होता.

"अहो, उचलून ठेवा ना त्याला!" न्यायाधीश ओरडले होते.

"हात लावता येत नाही," पक्षीवाला म्हणाला.

"हा काय नियम झाला?"

"इकडे हाच आहे, साहेब. पक्षिणीला पिल्लू ओळखू येत नाही. घरटं ओळखू येतं. घरट्यात असेल ते तिचं. बाहेर असेल ते कुणाचंही."

"अशी कशी आई!" मुलगी चिडून म्हणाली होती. एवढी चिडली होती, की पक्षीवाल्याने तिच्या आणि पिल्लाच्या मध्ये काठी आडवी धरली.

तेव्हा आई म्हणाली होती, मोठ्याने, खणखणीत, "मग त्याच्यावर पाटी लावा!"

सगळे पोट धरून हसले होते. आत्ताही, अंधारात, ते आठवून आख्खा दिवाणखाना हसला. कुणीतरी म्हणालं, "पाटी लावा! क्या बात है आई!" आईसुद्धा हसली, सगळे हसताहेत म्हणून.

मुलीच्या छातीवर बिल्ला नव्हता. हात तिथे गेला आणि जॅकेटाच्या कापडावर तसाच राहिला.

दिवे लागले. आई तिच्याकडे वळली. हनुवटी वर उचलली, खालच्या काचेतून जॅकेटाचा रिकामा कोपरा बघितला, थोडं शोधलं. मग वर चेहऱ्याकडे बघून, पाहुण्यांकडे बघून हसतात तसं, छान हसली.

"छान झाला हो कार्यक्रम," आई म्हणाली. "तुम्ही कुठून आलात?"

*

हे चित्र कुणी काढलं नाही.

ती धावत दारापाशी गेली. स्वागतकक्षातली बाई स्पिरिटच्या बोळ्याने पट्ट्या पुसत बसली होती. पुसलेल्यांचा ढीग मोठा होता.

"माझा?"

"अगं बाई. पहिल्यांदा तुमचेच पुसले, नंतर हात उचलला नसता म्हणून." बाईचा चेहरा उतरला. "आठवण म्हणून हवा होता का? आधी बोलायचं ना."

"कोरा द्या एक. आणि मार्कर."

तिने उभ्या उभ्या लिहिलं. पहिल्या वेळेपेक्षा मोठं, जाड, अक्षरं सुटी सुटी. दुकानातल्या तक्त्यावर असतात तशी. फुंकर मारून वाळवलं आणि खिशात टाकलं.

"बाकीचे आठवण म्हणून लिहिलेलाच मागतात, कोरा कुणी मागत नाही," बाई सहज बोलून गेली. मग मुलीच्या चेहऱ्याकडे बघून तिने बोळा खाली ठेवला.

*

हेही नाही.

केबिनमध्ये आई बिछान्याच्या कडेला बसली होती, पाय खाली सोडून. समोर अर्धवट भरलेली बॅग. गोल खिडकीत अजून उजेड होता. मुलगी आत आली. हात खिशात. पिन उघडलेली होती. आता बिल्ला लावायचा होता, एवढंच काम.

"या," आई म्हणाली. "बसा घटकाभर. तुम्ही सारख्या उभ्याच असता. मुंगी दिसली का हो कुठे?"

खिशातला हात खिशातच राहिला.

"कोण मुंगी?"

"माझी मुलगी. जाडी आहे. लपायची नाही." आई हसली. "जन्मली तेव्हा एवढीशी होती. छापखान्यातनं थेट दवाखान्यात गेले होते, हाताला शाई तशीच. डॉक्टर म्हणाले, आशा धरू नका. म्हटलं, बघू. कापसात ठेवली. छातीशी ठेवली. रात्रंदिवस सांगायची तिला, मुंगे, खा. मुंगे, खा. तर काय, नंतर थांबेचना खायची!"

मुलगी हसली. हसताना तोंडातून निघाला तो आवाज हसण्याचा नव्हता. आईने ते पाहिलं नाही. तिने दाराकडे बघितलं, मग पुढे झुकली.

"एक सांगू? तिच्या कानावर घालू नका पण."

"नाही घालणार."

"तिचा चेहरा राहत नाही हो माझ्या डोक्यात. समोर येते आणि मला वाटतं, कोण ही बाई? इतकं का करतेय माझं? मग बघते, तर लिहिलेलं असतं. तिच्या छातीवर. मुंगी. वाचलं की सगळं येतं. कापूस येतो, शाई येते. ती जाडी बाई नाही जुळत त्याच्याशी, पण लिहिलंय म्हणजे असणार. छापलेलं खोटं नसतं. मी तपासलेलं असतं ना." आईने दोन्ही हात मांडीवर सारखे केले. "मग हाक मारते. आणि काय सांगू, इतकी खुलते! एवढी मोठी बाई, पण चेहरा असा होतो, की लहान मूल. म्हणून मग पुन्हा मारते. उगाचच. शाल नको असते मला."

जहाज हललं. बॅगेतून एक मोजा खाली पडला. तो उचलायला मुलगी वाकली आणि जरा वेळ वाकलेलीच राहिली.

बिल्ला लावता आला असता. लावला असता तर आईने वाचला असता, आणि हे सगळं आपण कुणाला सांगून बसलो ते तिला कळलं असतं. तिने खिशातल्या खिशात पिन बंद केली. अंगठ्याला टोचली.

"तुमचं काय नाव म्हणालात?" आईने विचारलं.

"मी चष्मेवाली."

"अरे वा! मग हा बघा हो. नाकावरून घसरतो."

तिने आईचा चष्मा काढला. काड्या तपासल्या, नाकावरच्या दोन्ही गाद्या अंगठ्यांनी किंचित आत दाबल्या, काचा ओढणीने पुसल्या. चष्म्याशिवाय आईचे डोळे उघडे, पाणीदार, कुणाचेच नव्हते. तिने तो परत आईच्या नाकावर ठेवला, कानामागे बोट फिरवून बघितलं.

"आता?"

"झकास," आई म्हणाली. आणि धडा म्हणून दाखवावा तसं पुढे म्हणाली, "लांबचं वरून, जवळचं खालून. माझी मुलगी सांगते."

*

सकाळ. बंदर. क्रेनी, दोरखंड, भिजलेलं काँक्रीट.

"हां, ताई, पोचलात? सोडतो मग खोली. फोन करू त्यांना?"

"नको. ठेव."

"काय ठेव?"

"खोली. ठेव."

"अगं, काल तर म्हणालीस—"

"काल म्हणाले."

"ओळखत नाही ती?"

 डेकवर प्रवासी बॅगा ओढत होते, एकमेकांना मिठ्या मारत होते, पुन्हा कधी भेटणार नाहीत हे माहीत असलेल्या माणसांसारख्या घट्ट.

"वाचता येतं तिला अजून," ती म्हणाली. "चष्मा बरोबर बसलाय."

"म्हणजे? ताई? काय बोलतेयस?"

"दारावर पाटी लावायची म्हणून सांग त्यांना. तिच्या खोलीच्या. आणि तू येशील तेव्हा तुझंही लिहून आण. छातीवर. मोठ्या अक्षरात. ती तुला काय म्हणायची ते, खरं नाव नको."

"भोपळ्या," धाकटा म्हणाला.

*

शिडीपाशी पक्षीवाला एकेकाला उतरवत होता. "आई, सावकाश हं. घाई नाही," तो म्हणाला. आईने पाटीकडे बघितलं. "'उतरताना कठडा घट्ट धरा,'" तिने वाचलं, पण कठडा धरला नाही. खाली अनोळखी बंदर, वर अनोळखी माणसं. मागून कुणीतरी तिची शाल सारखी केली, तशी ती दचकून मागे सरली.

"कोण?"

मुलगी तिच्या समोर आली. डोळे रात्रभर न मिटल्यासारखे सुजलेले होते. चेहऱ्याकडे बघून काही उपयोग नव्हता, आणि आईने बघितलंही नाही. तिने हनुवटी उचलली. नजर खालच्या काचेत उतरली, शोधू लागली.

जॅकेटावर बिल्ला होता, पण वाऱ्याने हलत होता, आणि आईला जरा लांब पडत होता. दुकानात गिऱ्हाईक असं डोळे बारीक करू लागलं, की ती न बोलता तक्ता पुढे आणायची. आत्ताही तिने तेच केलं. बिल्ला दोन बोटांत धरला, जॅकेटाचं कापड ताणून पुढे घेतला, थोडा वर उचलला आणि वाचायच्या अंतरावर स्थिर धरून उभी राहिली.

मागची रांग थांबली. 

आईचे ओठ हलले. एकेक अक्षर.

"मुंगे," ती म्हणाली. "कुठे होतीस गं? काल किती शोधलं तुला."

आणि मुलीचा चेहरा खुलला की नाही हे बघायला आईने नजर वर नेली, तेव्हा मुलीने तो खुलवला.